चावीचा अर्ज

माझ्या हातून झालेलं सगळ्यात मोठं काम कोणतं, असं मला कोणी विचारलं तर मी भिंती सांगत नाही. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. सक्करदऱ्यात माझ्या हातच्या किती भिंती उभ्या आहेत आणि एकीलाही अजून पोट सुटलेलं नाही. पण मी सांगतो, की मी एक अर्ज लिहिला होता. त्या अर्जानं एक टाकी दुरुस्त झाली, एक फाटक उघडलं, एक दिवा लागला. फक्त ज्या कामासाठी तो लिहिला होता, तेवढंच काम झालं नाही.

आमच्या वरच्या खोलीत मुलुगेता राहतो. तो इथिओपियाचा. हा देश आफ्रिकेत आहे. मी नकाशात पाहून ठेवला आहे, कारण गल्लीतले सगळे मलाच विचारतात. कपाशीवरच्या किडीवर तो पीएच.डी. करतो. होस्टेलमध्ये खोली कमी पडली म्हणून तो आमच्याकडे आला आणि तीन वर्षांत माझ्या बायकोकडून, म्हणजे प्रेमिलाकडून, मराठी शिकला. त्यामुळे डोळे मिटून त्याचं बोलणं ऐकलं तर वाटतं, एखादी बाई बाजारात वांग्यांचा भाव करते आहे.

गेल्या वर्षी हा आमचा मुलू त्याच्या कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेवर निवडून आला. परिषदेत परदेशी विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी असतो. मतदार एकूण अकरा. मुलूला सात मतं पडली, नेपाळच्या उमेदवाराला चार. पण निवडून आलेला माणूस तो निवडून आलेला माणूस. शेजारच्या रंभाबाईंनी त्याच्या गळ्यात हार घातला आणि तिथल्या तिथे आपल्या रेशनकार्डाचं काम सांगितलं.

प्रेमिलानं विचारलं, "काहून रे मुलू, आता तुले गाडी भेटन का?"

"नाही काकू. बैठकीत चहा भेटते. अन् दोन बिस्कुट."

"बस, एवढंच? मंग कायले उभा राहिला होता?"

"चावीसाठी," मुलू म्हणाला.

ही चावी काय प्रकरण आहे ते सांगतो. दिवाळीत होस्टेलची मेस बंद होते. बाकीची मुलं घरी जातात. या अकरा जणांनी कुठे जायचं? कोणाचं घर टांझानियात, कोणाचं येमेनमध्ये. खोलीत शेगडी लावायची परवानगी नाही. आदल्या वर्षी या पोरांनी आठ दिवस ब्रेड आणि केळी खाऊन काढले होते. मुलू तेव्हा माझ्या घरी पोटभर जेवत होता, आणि तेच त्याच्या मनाला लागलं होतं. मेसच्या स्वयंपाकघराची चावी सुटीपुरती मिळवून देईन, असा शब्द त्यानं मतं मागताना दिला होता. तो त्यानं लाल वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. आपल्याकडे निवडून आलेला माणूस असं काही लिहून ठेवत नाही, पण तो परका असल्यामुळे त्याला हे ठाऊक नव्हतं.

परिषदेच्या अध्यक्षानं सांगितलं, होस्टेलच्या कार्यालयात अर्ज दे. मुलूनं इंग्रजीत तीन अर्ज दिले. तिन्ही परत आले. केशवबाबू म्हणून तिथे कारकून आहेत, ते म्हणाले, अर्ज मराठीत पाहिजे, तसं परिपत्रक आहे. सुटी लागायला तेव्हा पाच दिवस उरले होते.

सोमवारी सकाळी मी ओसरीत लिहीत बसलो होतो. मुलू जिन्यावरून खाली आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

"काका, तुमी रोज सकाळी लिहिता. तुमी विद्वान मानूस. मले एक अर्ज लिहून द्या."

आता खरं काय ते सांगतो. मी रोज लिहितो ते पेपरातले दोन मथळे असतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी विहारातल्या संध्याकाळच्या वर्गात मी अक्षरं शिकलो. बाराखडी पुरी व्हायला दोन वर्षं लागली. हात गंजू नये म्हणून तेव्हापासून दोन मथळे उतरवून काढतो. हे मी मुलूला त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा कोणी मला विद्वान म्हणालं होतं, आणि असा शब्द आल्या पावली परत करवत नाही.

"किती ओळींचा पायजे?" मी विचारलं.

त्या दिवशी मी चार ओळी लिहिल्या. अजून पाठ आहेत. 'साहेब, दिवाळीत मेस बंद असते. आम्ही अकरा जण घरी जाऊ शकत नाही, घर फार लांब आहे. आम्हाला स्वयंपाकघराची चावी द्या. भांडी घासून, ओटा पुसून चावी परत करू.' अक्षर माझं मोठं असतं, पण ओळंबा लावून पाहिलात तरी एक ओळ वाकडी निघणार नाही.

हा कागद मी तसाच पाकिटात घातला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मी तो वामनरावांना दाखवला. वामनराव समोरच्या घरात राहतात. सरकारी कार्यालयात मोठे बाबू होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण अजून भाजीवाल्याला 'आपल्या विनंतीचा विचार केला जाईल' असं सांगतात.

त्यांनी चष्मा लावला, कागद वाचला आणि चष्मा काढला.

"नत्थूजी, हा अर्ज आहे की दूधवाल्याले चिठ्ठी?"

"काहून? समजत नाही का?"

"समजते ना! तेच तर चुकलं. साहेबाले पहिल्या वाचनात समजला, तर तो दुसऱ्या वाचनात नाही म्हणते. याले विषय पायजे, संदर्भ पायजे, 'उपरोक्त विषयान्वये' पायजे. अन् मागणी एकच कशी? एकच मागणी असली का साहेब ते नामंजूर करून मोकळा होते. चार-पाच असल्या तर दोन मंजूर करा लागतात."

हे मला पटलं. हिशेब बरोबर वाटला. पण चार-पाच मागण्या आणायच्या कुठून, हा प्रश्न माझ्या तोंडून बाहेर पडला आणि रंभाबाईंनी कुंपणापलीकडून तो उचलला.

होस्टेलची मागची भिंत आमच्या गल्लीला लागून आहे. त्या भिंतीच्या आतली टाकी भरून वाहते आणि सगळं पाणी रंभाबाईंच्या दारात येतं.

"भाऊ, ते टाकीचं लिहा. पाच वर्षं झाले, चिखलातून जाऊन राहिली मी. चप्पल पायात कमी अन् हातात जास्त असते."

मग वामनरावांनी मागच्या फाटकाचं घातलं. ते फाटक बंद असल्यामुळे बस पकडायला अख्खा वळसा घालावा लागतो. मला हसू आलं, कारण ती भिंत माझ्याच हातची आहे आणि फाटकाची जागा मीच सोडली होती. साहेब लोकांनी नंतर तिथे कुलूप घातलं. मग कोपऱ्यावरच्या दिव्याचं आलं. मग प्रेमिला पिठानं भरलेले हात घेऊन बाहेर आली.

"अवो, शेवग्याच्या फांद्या भिंतीवरून इकडे येतात, त्याच्या शेंगा कोणाच्या, तेही एकदा लिहून घ्या."

मुलू प्रतिनिधी होता, त्यामुळे सगळ्यांचं ऐकून घेणं त्याला भाग होतं. तो लाल वहीत टिपत गेला, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीच्या मागण्या आठ झाल्या. "लिहा काका," तो म्हणाला, "हे पण लोकच आहेत ना."

मंगळवारी पक्की प्रत लिहायला बसलो. वामनराव सांगत होते, मी लिहीत होतो. मुख्य मागणी शेवटी ठेवायची, म्हणजे ती साहेबाच्या ध्यानात राहते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे चावी नवव्या नंबरवर गेली. 'उपरोक्त' लिहितानाच मला घाम आला. 'निदर्शनास' या शब्दाला पाव तास लागला. पुढे 'अत्यावश्यक' होतं. त्याबद्दल मी काही बोलत नाही. लिहिताना मला एकेक अक्षर विटेसारखं उचलून ठेवावं लागतं, आणि वीट ठेवणारा माणूस विटेकडे पाहतो, घराकडे पाहत नाही.

तीन पानं झाली. त्यानंतर 'प्रत माहितीस्तव' म्हणून वामनरावांनी सात कार्यालयांची नावं सांगितली. साहेबाला अर्जाची नाही, प्रतीची भीती वाटते, असं ते म्हणाले. मग गल्लीनं सह्या केल्या. बासष्ट झाल्या. त्यातल्या दोन रंभाबाईंच्याच होत्या.

बुधवारी मुलू आणि मी कार्यालयात गेलो. केशवबाबूंचं जेवण व्हायचं होतं, मग जेवण झालं, मग जेवणानंतरचं पान झालं. शेवटी त्यांनी अर्ज हातात घेतला.

"हे अक्षर कोण्या पोराचं आहे? तिसरीतल्या?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर एक सायकल स्टँड होता, तो मी बराच वेळ पाहिला.

"माह्या गुरुजीचं आहे," मुलू म्हणाला. "हे उभे आहेत."

केशवबाबूंनी मला वर-खाली पाहिलं. "बरं. पण अर्ज मराठीत आहे, तर सहीही मराठीत पायजे. न वाचता सही केली असं उद्या कोणी म्हणायले नको."

आता मुलूला मराठी बोलता येतं, पण अक्षर एक येत नव्हतं. मी त्याला बाजूच्या बाकावर बसवलं आणि अर्जाच्या पाठकोऱ्या कच्च्या प्रतीवर त्याचं नाव लिहून दाखवलं. चार अक्षरं. त्यानं पाच वेळा गिरवलं आणि सही केली. शिक्का बसला, आवक क्रमांक पडला, पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मिळाला. मी ती प्रत घडी न घालता घरी आणली.

त्या संध्याकाळी मुलू खाली आला. "काका, बाकीचे अक्षर पण शिकवा."

मला शिकवलं होतं तसंच मी सुरू केलं. परातीत ज्वारीचं पीठ पसरलं आणि बोटानं 'क' काढला. मग का, कि, की. मी म्हटलं, घाई करू नको, याला वेळ लागतो, मला दोन वर्षं लागली होती. तो परातीकडे बघत राहिला आणि हसायला लागला.

"काका, आमचं पण असंच आहे!" त्यानं पीठ सारखं केलं आणि आपल्या देशाची अक्षरं काढली. एक अक्षर, आणि त्याचीच थोडी हात-पाय बदललेली सात रूपं. "एका अक्षराचे सात. आमची सातखडी!"

गुरुवारी सकाळपर्यंत त्याला बाराखडी आली होती. संध्याकाळी जोडाक्षरं. मला आनंद झाला, असं मी प्रेमिलाला सांगितलं.

"मंग तोंड असं काहून करून राहिले?" ती म्हणाली.

दोन वर्षं आणि दोन दिवस यात किती अंतर आहे, ते तिला कसं कळणार? ती शाळेत गेलेली आहे.

इकडे अर्जानं भलतीच गती घेतली. वामनरावांच्या सात कार्यालयांचा परिणाम म्हणा, की बासष्ट सह्यांचा; गुरुवारी प्लंबर आला आणि टाकीचा व्हॉल्व्ह बदलून गेला. शुक्रवारी सकाळी फाटकाचं कुलूप गॅसकटरनं कापलं, कारण त्याची किल्ली कोणालाच सापडली नाही. दुपारी कोपऱ्यावर दिवा लागला. उन्हातच लागला, पण लागला. शेवग्याच्या फांद्यासुद्धा छाटल्या गेल्या, त्यामुळे प्रेमिलाच्या मागणीचा निकाल तिच्या विरुद्ध लागला, असं वामनरावांनी जाहीर केलं.

गल्ली जमली. रंभाबाईंनी चहा केला. वामनराव चार वाक्यं बोलणार होते, ते चौदा बोलले. मुलूच्या गळ्यात पुन्हा हार पडला. दुसऱ्या दिवसापासून सुटी होती. आता चावीचा निरोप आला की झालं, असं म्हणून तो फाटकाकडे बघत होता.

"अर्ज वाचून दाखव रे," प्रेमिला म्हणाली. "पाहू दे तुह्यं वाचणं."

मुलूनं पोचेची प्रत घेतली. बोट ठेवून, मोठ्यानं, एकेक शब्द वाचायला लागला. गल्ली कौतुकानं ऐकत होती. 'निदर्शनास' त्यानं एका दमात म्हटलं. मी चहाच्या कपात पाहिलं. टाकी झाली, फाटक झालं, दिवा झाला. "आठ," मुलूनं वाचलं, "शे-व-ग्या-च्या फांद्या..." मग पान उलटलं. "आपला नम्र." मग पुन्हा मागे आला. पुन्हा पुढे गेला.

"काका," तो म्हणाला. "नऊ नंबर कुठं आहे?"

नऊ नंबर नव्हता.

वामनरावांनी प्रत घेतली, पाहिली आणि आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच काही न बोलता परत दिली. सांगताना त्यांनी सांगितला होता. लिहिताना मी लिहिला नव्हता. आठव्या मागणीनंतर मी हात झटकायला थांबलो होतो, हे मला आठवलं. पेन पुन्हा उचललं तेव्हा कानावर 'आपला नम्र' आलं आणि मी ते वळणदार काढलं. सगळी अक्षरं ओळंब्यात होती. घराला फक्त दार ठेवलं नव्हतं.

मुलूनं गळ्यातला हार काढून ओट्यावर ठेवला. माझ्यावर रागावला असता तर बरं झालं असतं.

साडेचार वाजले होते. मी उठलो, खिशात पेन होतंच, आणि त्याचा हात धरून नव्या उघडलेल्या फाटकातून निघालो. वळसा वाचल्यामुळे दोन मिनिटांत पोचलो. केशवबाबू कपाटाला कुलूप लावत होते.

"साहेब दुपारीच गेले. नरखेडकडे गाव आहे त्यांचं, संत्र्याच्या बागेत फोन लागत नाही. अन् चावीचं तर अर्जात नावच नाही."

"आता लिहितो," मी म्हटलं. काउंटरवर उभ्या उभ्या त्याच चार ओळी लिहिल्या. विषय नाही, संदर्भ नाही. केशवबाबूंनी पिशवी खाली ठेवून वाचल्या.

"हे असं आधी काहून नाही लिहिलं गा? हे तर मलेही समजते."

"तेव्हा मी विद्वान होतो," मी म्हटलं.

त्यांनी शिक्का मारला, पण चावी देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. तेवढं खरं होतं.

परत येताना फाटकाशी मुलू थांबला. आत होस्टेलच्या पायऱ्यांवर दहा जण बसले होते, त्याच्याकडेच बघत. "या पोरायले काय सांगू काका?" तो म्हणाला. त्या दहा जणांकडे पाहणं मला जमेना म्हणून मी दुसरीकडे पाहिलं. तेव्हा दिसलं, की होस्टेलच्या पायऱ्यांपासून माझ्या ओट्यापर्यंत, मधलं फाटक धरून, चाळीस पावलंसुद्धा नाहीत.

"सांग," मी म्हटलं, "का भांडे घासा लागतील."

घरी येऊन मी प्रेमिलाला घाबरत सांगितलं, अकरा जण, आठ दिवस. तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"मागच्या साली काहून नाही बोलावलं?"

"मागच्या साली फाटक बंद होतं."

"तुमचं डोस्कं बंद होतं," ती म्हणाली आणि मोठं पातेलं काढायला गेली.

दुसऱ्या दिवशी रंभाबाईंनी शेगडी दिली. त्यांच्या दारातला चिखल वाळला होता, तिथे वामनरावांच्या सतरंज्या अंथरल्या. टांझानियाच्या पोरीनं भात केला, नेपाळच्या पराभूत उमेदवारानं डाळ केली आणि ती मुलूच्या भाजीपेक्षा चांगली झाली, त्यामुळे पुढच्या निवडणुकीचा रंग थोडा बदलला. रंभाबाई आंबवलेल्या ज्वारीची धिरडी घालत होत्या. पहिलं धिरडं तव्यावर सुटलं, त्याला बारीक बारीक डोळे पडले, तसा मुलू तव्याशी येऊन उभा राहिला आणि हलेचना.

"काय झालं रे? करपून राहिलं का?"

"नाही मावशी. आमच्याकडं इंजेरा म्हणतात. माही माय असंच करते."

रंभाबाईंनी नाक पुसलं आणि म्हटलं, शेगडीचा धूर फार होऊन राहिला. ती गॅसची शेगडी होती.

मुलूच्या देशात एक रीत आहे. सगळे एकाच ताटाभोवती बसतात आणि आपल्या हातानं घास करून दुसऱ्याच्या तोंडात घालतात, वडीलधाऱ्यांना पहिला. वामनराव 'प्रस्तुत प्रसंगी' म्हणून उभे राहिले होते. मुलूनं धिरड्याचा एवढा मोठा घास त्यांच्या तोंडात दिला, की प्रसंग तिथेच संपला. दुसरा घास त्यानं मला दिला. शुक्रवारपासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. घास घशाखाली उतरेपर्यंत मला काही म्हणता आलं नाही आणि उतरल्यावर म्हणायची गरज राहिली नाही.

सुटी संपल्यावर साहेब आले. माझ्या चार ओळींचा अर्ज त्यांनी पहिल्या वाचनात मंजूर केला. 'दिवाळीच्या सुटीत स्वयंपाकघराची चावी देण्यात यावी,' असा आदेश निघाला. सुटी संपून दोन दिवस झाले होते, पण पुढच्या वर्षीही चालेल, असं केशवबाबू म्हणाले. मुलूनं तो सगळ्यांना न अडखळता वाचून दाखवला आणि लाल वहीत पहिल्या पानावर खूण केली.

गल्लीत कोणाला फारसा आनंद झाला नाही. "म्हणजे आता पोरं येणार नाही का?" एवढंच प्रेमिला म्हणाली.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी माझ्या मथळ्यांच्या वहीत एक घडी केलेला कागद मिळाला. मुलूचं अक्षर. माझ्यापेक्षा बारीक, पण थोडं वाकडं.

'काका, रविवारी मेस अर्धा दिवस बंद असते. आम्ही अकरा जण आहोत. आम्हाला जेवायला येऊ द्या. भाडी घासून जाऊ.'

मी कागद दोनदा वाचला. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि सापडलं. भांड्यांवरचं टिंब राहिलं होतं. मी लाल पेन्सिल शोधून काढली, त्याला वरून हाक मारून खाली बोलावलं, समोर बसवलं आणि त्याच्यादेखत ते टिंब नीट, गोल, मनासारखं दिलं.

मग खाली 'मंजूर' लिहिलं आणि सही केली.